देवळीचा मधू आणि वरची वाट

मित्र मोठा झाला की त्याचे किस्से खोलीत कोंबलेल्या कापसासारखे फुगत जातात. दार उघडलं की अंगावर! आमचा मधू देवळीच्या शेतकऱ्याचा मुलगा, माझा शाळासोबती. सत्तरच्या दशकात तो हवाई दलात पायलट झाला आणि आमच्या कट्ट्याला कायमचा विषय मिळाला.

*

पहिल्या सुट्टीत आला तेव्हा त्याच्या मामांनी विचारलं, "नेमकं करतं काय तू तिथं?"

"विमान चालवतो, मामा."

"म्हणजे डायव्हरच ना? मंग एसटीत काऊन नाई लागला? रोज घरी जेवाले आला असता!"

*

पवनारला मुलगी पाहायला मधूनं मला सोबत नेलं होतं. मुलगी, सुनंदा, शाळेत शिक्षिका. तिनं थेट विचारलं, "तुम्ही म्हणे विमान उलटं करता. तेव्हा कसं वाटतं?"

"सगळी घरं डोक्यावर येतात."

"मग जमेल तुमचं. आमचे बाबा रोज घर डोक्यावर घेतात!"

बाबा समोरच बसले होते. लग्न तिथंच ठरलं.

*

पुढे अंतराळवीर निवडायचे ठरले आणि मधूला बोलावणं आलं. डॉक्टरांनी एका खुर्चीत बसवून एकेकाला गरागरा फिरवलं. बाकीचे ओकले. मधूनं उतरून चहा मागितला!

"एवढी सवय कशी?" डॉक्टर चकित.

"देवळी-वर्धा एसटी, सर. मागची सीट!"

*

मग बंद खोलीत एकटं ठेवलं. बाहेर आल्यावर विचारलं, "सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला?"

"डास नव्हते, सर. झोपच लागेना!"

*

शेवटच्या फेरीत मात्र मणक्यात बारीकसा दोष निघाला आणि मधू मागे राहिला. तो सुट्टीवर आला तेव्हा कट्ट्यावर कुणी तो विषय काढेना. कापडदुकानवाल्या बबनला राहवेना. "इतक्या जवळ जाऊन वापस काऊन आला बे?"

"वर जागा कमी होती," मधू म्हणाला.

हसलं कुणीच नाही.

*

दुसरा एक पायलट यानातून वर गेला तेव्हा मधू गावीच होता. रेडिओवरची बातमी ऐकून त्याचे वडील, आबा, एवढंच म्हणाले, "चाल, पऱ्हाट्या उपटाले." मीही गेलो. बापलेक कापसाची वाळकी झाडं उपटत राहिले. मग आबांनी कंबर सरळ केली.

"कोणीकडून जाते रे ते?"

मधूनं अंदाजानं बोट दाखवलं.

आबांनी तोंडाभोवती दोन्ही हात धरले आणि आभाळाकडे पाहून ओरडले, "जपून येजो रे पोरा!"

"आबा, तिथं ऐकू नाई जात."

"तुले काय मालूम? तू गेलता काय?"

मधूनं हातातली पऱ्हाटी खाली टाकली. मग त्यानंही तोंडाभोवती हात धरले!