अप्पांना टीव्ही दाखवायचा होता

त्या उन्हाळ्यात मला छत्रीचा वीट आला होता. पावसातली छत्री नव्हे. ही कोंबड्यांच्या खुराड्याला मारतात तसल्या तारेच्या जाळीची, खाटेपेक्षा मोठी, लोखंडी खांबावर आभाळाकडे तोंड करून बसवलेली. उपग्रहावरून थेट खेड्यांत टीव्ही दाखवायचा वर्षभराचा सरकारी प्रयोग चालू होता. पंच्याहत्तर-शहात्तरची गोष्ट. सोलापूरच्या नशिबी तो नव्हता. हद्दीपलीकडच्या कन्नड मुलखातल्या गावांना मिळाला होता. पण त्यांतली काही गावं त्यांच्या जिल्ह्याच्या ठिकाणापेक्षा आम्हालाच जवळ, म्हणून बिघाड झाला की निरोप यायचा सात रस्त्याजवळच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात, माझ्या नावानं. मला रेडिओ येत होता आणि कन्नड येत होतं, कारण घरी आम्ही निम्मं कन्नडच बोलायचो. एवढ्या भांडवलावर प्रयोगाच्या साहेबांनी थोडं शिकवून ती गावं माझ्या गळ्यात बांधली.

गंमत अशी की अख्ख्या सोलापुरात कुणाच्या घरी टीव्ही नव्हता आणि मी टीव्ही दुरुस्त करणारा म्हणून गल्लीत ओळखला जात होतो. लोक चहाच्या टपरीवर थांबवून विचारायचे, आत माणसं खरंच हलतात का. मी म्हणायचो, हलतात, काळी-पांढरी असतात, आणि बहुतेक वेळा दिसतच नाहीत. यातलं शेवटचं मी चेष्टेनं म्हणत नसे.

अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, असं काही विचारलं नाही. ते मिलमध्ये मागावर विणकर होते. धावत्या मागावर एक धागा तुटला तरी त्यांना पलीकडून दिसतो, असं त्यांच्याबद्दल बोललं जायचं आणि ते ऐकताना ते मिशीतल्या मिशीत हसायचे. आयुष्यात त्यांनी स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही. त्या वर्षी मात्र जेवता जेवता म्हणाले, "एकदा मला बी दाव की त्यो टीव्ही. आमच्या पोरानं चालू केलेला."

मी हो म्हटलं आणि पुढे ढकलत राहिलो. कधी त्यांची पाळी, कधी माझा बिघाड. जुलै संपला की उपग्रह आपल्या डोक्यावरून हलवणार आणि सगळे संच मुके होणार, हे मला माहीत होतं. जूनमध्ये मी एकदम जागा झालो. आता नाही नेलं तर कधीच नाही. अप्पांनी मिलमधून लगेच रजा काढली, तेव्हा मला जरा नवल वाटलं. एरवी ताप असला तरी ते मागावर उभे राहत. त्या वर्षी त्यांच्या कापडात खोट निघत होती, पण ते दोष सुताला देत. हल्लीचं सूतच तसलं, दिवे बी मंद, म्हणत. आम्हीही तेच धरून चाललो होतो.

नेमकं ज्या गावाला न्यायचं ठरवलं, तिथलंच चित्र उन्हाळा लागल्यापासून फुटत होतं. गाव सोयीचं, होटगीच्या पुढे पॅसेंजरच्या एका लहान स्टेशनवर उतरून थोडं चालायचं. पण संच म्हणजे डोकेदुखी. आठवडाभर नीट चालायचा आणि मग पडद्यावर मुरमुरे उधळल्यासारखे ठिपके, त्यांच्यात बोलणारा माणूस बुडून जायचा. मी पहिल्या खेपेला विजेचा दाब पाहिला. दुसऱ्या खेपेला केबलचे सांधे सोलून पुन्हा कथलाचा डाक लावला. तिसऱ्या खेपेला छत्रीच्या पोटापुढे टांगलेली डबी बदलली, जी आभाळातला सिग्नल संचाला समजेल असा करते. दर वेळी मी तिथे असताना चित्र आलं आणि मी गेल्यावर गेलं. वरच्या साहेबांना वाटायला लागलं की मी फुकटची गाडीभाडी उकळतोय. मला वाटायला लागलं की गावाला मी आवडत असेन.

त्या दिवशी दुपारच्या गाडीनं निघालो. स्टेशनच्या पायऱ्या उतरताना अप्पांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला बरं वाटलं. होटगीला गाडी थांबली तेव्हा त्यांनी विचारलं, "कुटलं आलं?" पाटी आमच्या खिडकीसमोरच होती. ऊन डोळ्यांवर येत असेल म्हणून मी सांगितलं, होटगी. उतरून पायवाटेनं जाताना ते सावकाश, पाय चाचपत चालत होते. मी पुढे जाऊन थांबायचो, पुन्हा पुढे जाऊन थांबायचो. पिशवीत पान्हे, मीटर, डाक लावायची कावी, शिवाय डोक्यात साहेबांचे शब्द. खरं सांगायचं तर मी चिडलो होतो. एवढी हौस होती तर जरा भरभर चालावं, असं मनात आलं.

गावात शिरलो आणि छत्रीकडे पाहून मी जागच्या जागी उभा राहिलो. छत्रीवर वाकळी वाळत होत्या. चांगल्या जाडजूड, जुन्या लुगड्यांच्या, पाणी निथळणाऱ्या वाकळी. एक वरच्या काठावर, दोन खालच्या काठावर आणि एक अगदी मधोमध. उन्हाळा लागला की पावसाच्या आत घरातली सगळी अंथरुणं धुऊन काढायची, ही तिकडची रीत आहे, आमच्याकडेही आहे. आणि गावात शेळ्या-मेंढ्या पोत्यानं. धुतलेलं कुठे घालावं तर शेळी तुडवणार किंवा लेंड्या टाकणार. छत्रीला मात्र कुंपण होतं, तेही शेळ्यांनी केबल खाऊ नये म्हणून मीच भांडून घालून घेतलेलं. शिवाय छत्रीचं तोंड पश्चिमेकडे, म्हणजे दुपारचं सगळं ऊन तिच्या पोटात. याहून चांगली जागा त्या बायकांना मिळाली नसती. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी त्या वाकळी काढून न्यायच्या आणि मी एरवी संध्याकाळच्या गाडीनं यायचो, तेव्हा छत्री स्वच्छ असायची. ओल्या वाकळीच्या वजनानं मात्र ती खांबावरच्या बोल्टात रोज थोडी खाली मान घालत होती. मी डोळ्यांचा अंदाज घेऊन ती वर ढकलायचो, बोल्ट आवळायचो आणि दोष केबलवर ठेवायचो.

एक म्हातारी वाकळ उचलायला आली. मी तिला कन्नडमध्येच म्हटलं, "आजी, ही काय दोरी हाय व्हय कपडे वाळत घालायची?"

ती म्हणाली, "टीव्ही सांजच्याला लागतोय की. दिवसा मोकळीच असती ती."

सांगायचं तर सगळं सांगावं लागलं असतं, आणि मी दमलो होतो. वाकळी मी स्वतः उचलून तिच्या दारात नेऊन टाकल्या.

आता छत्री पुन्हा नेमकी रोखायची होती आणि ते दिवसा होणार नव्हतं. शाळेला सुट्टी असल्यामुळे सकाळचे कार्यक्रम बंद होते, म्हणजे संध्याकाळपर्यंत आभाळातून काही येणारच नव्हतं. कार्यक्रम सुरू झाला की एक माणूस बाहेर छत्री हलवणार, एक आत पडद्यावर डोळा ठेवणार आणि ओरडून सांगणार, हीच आमची पद्धत. त्यात आतला माणूस महत्त्वाचा. त्या गावात आतून कधी एक आवाज आला नाही. एक ओरडायचा, "बंतु", म्हणजे आलं. त्याच क्षणी दुसरा ओरडायचा, "होतु", म्हणजे गेलं. संचाची किल्ली ज्यांच्याकडे असायची ते शाळेचे मास्तर तर फार भले. जरा रेघ हलली की म्हणायचे, उत्तम आहे, आता राहू द्या.

दिवस कलायला लागला. शाळेच्या खोलीत माणसं दाटीवाटीनं बसली, बायका भिंतीला धरून. मास्तरांनी अप्पांना अगदी पुढे, एकुलत्या एका खुर्चीवर बसवलं आणि सगळ्यांना सांगितलं की हे सोलापूरहून आलेले पाहुणे, आपल्या दुरुस्तीवाल्याचे वडील. मला एकदम सुचलं.

"अप्पा, तुमीच सांगा चित्र कधी येतंय ते. बाकी कुणी बोलायचं न्हाय."

"मी?" अप्पा म्हणाले. "मास्तर हायेत की."

"मास्तरांचं नको. तुमची नजर मागावरची हाय. एक ठिपका ऱ्हायला तरी सांगा, न्हाय म्हनून."

अप्पांनी धोतराचा काठ सारखा केला आणि पडद्याकडे तोंड करून बसले.

बाहेर ऊन उतरलं होतं तरी खांब तापलेला होता. मी बोल्ट सैल केले, काठाला खांदा लावला आणि केसभर वर उचललं. "आलं का, अप्पा?" आतून उत्तर, "न्हाय." अजून थोडं. "आता?" "न्हाय." पाठ भरून आली होती, घाम डोळ्यांत जात होता आणि हात पुसायला मोकळा नव्हता. छत्री वाऱ्यानं हलली, पुन्हा पहिल्यापासून. असं किती वेळ चाललं कोण जाणे. मग आतून कन्नड बोलणाऱ्या बाईचा आवाज खडखड थांबून मोकळा झाला आणि पाठोपाठ अप्पांचा आवाज आला, "आलं. आलं बग."

"ठिपके?"

"एक बी न्हाय. लई स्वच्छ हाय. आवळून टाक."

मी जीव खाऊन बोल्ट आवळले. इतकं बरं त्या उन्हाळ्यात मला कधी वाटलं नव्हतं. पिशवी तिथेच टाकली, शर्टानं तोंड पुसलं आणि आत गेलो.

पडद्यावर काही नव्हतं. नुसते मुरमुरे, काठापासून काठापर्यंत. त्यांच्यामागे कुठेतरी ती बाई भुईमुगाच्या पेरणीबद्दल स्पष्ट शब्दांत बोलत होती. आवाज नेहमीच चित्राच्या आधी सापडतो, हे मला पाठ होतं. सगळी खोली गप्प बसून मुरमुऱ्यांकडे पाहत होती. मास्तर माझ्याकडे पाहून खाली बघायला लागले. पाहुण्याला, तेही वडीलधाऱ्या, चारचौघांत खोटं पाडायचं कसं, म्हणून एकानंही तोंड उघडलं नव्हतं. आणि अप्पा सगळ्यांत पुढे, मान जरा तिरकी करून, समाधानानं पडद्याकडे बघत होते.

मी त्यांच्या खुर्चीशी जाऊन बसलो. हळूच विचारलं, "अप्पा, काय दिसतंय?"

ते तितक्याच हळू म्हणाले, "धुरातनं बगितल्यागत दिसतंय. पर मला समदंच तसं दिसतंय की आता. मला वाटलं, बाकीच्यांना नीट दिसत असंल." आणि माझ्या खांद्याला हात लावून, "लई वेळ उचलून धरलं हुतंस तू."

स्टेशनच्या पायऱ्या, होटगीची पाटी, पायवाट, कापडातली खोट, सगळं एकदम समोर उभं राहिलं. मला रडू येत होतं आणि खोलीभर माणसं भुईमुगाची वाट बघत होती.

मी बाहेर गेलो. या वेळी मास्तरांना बजावून आत उभं केलं. बोल्ट पुन्हा सैल केले आणि छत्रीला खांदा लावला. थोड्या वेळानं आतून सगळ्यांचा मिळून एक सुस्कारा ऐकू आला आणि मास्तर म्हणाले, "आलं." ते खरंच आलं होतं. त्यानंतर ते त्या गावात शेवटच्या दिवसापर्यंत टिकलं.

उरलेला कार्यक्रम मी अप्पांच्या कानाशी बसून काढला. कन्नड त्यांना माझ्याहून चांगलं कळत होतं, ते त्यांनी ऐकलं. मी फक्त दिसेल ते सांगत होतो. शेत आहे. दोन बायका वाकून पेरतायत. आता विहीर. आता गोठा, एक गाय, तिच्या पाठीवर कुणी हात फिरवतंय. ते प्रत्येक वाक्याला "व्हय" म्हणत होते, मान डोलावत होते. आम्ही मास्तरांकडेच मुक्काम केला. सकाळी स्टेशनकडे जाताना मी त्यांचा हात धरला आणि त्यांनी धरू दिला. गाडीत ते एवढंच म्हणाले, "मिलमधी कुणाला बोलू नगंस. दिवाळीपतुर काढतो कसं तरी." पुढे डॉक्टरांनी सांगितलं की मोतीबिंदू असता तर काढता आला असता, पण यांची आतली नसच सुकत गेली आहे, गेलेली नजर काही येत नाही.

घरी आलो तेव्हा आई चुलीपाशी होती. भाकरी थापतच तिनं विचारलं, "दिसला का टीव्ही?"

"दिसला म्हंजे," अप्पा भिंतीला टेकून बसले. "लई स्वच्छ. आपल्या पोरानं बसवलेला. शेत दावलं, बायका पेरत हुत्या. हीर दावली. आन् एक गाय हुती बग, तांबडी. अशी झ्याक तांबडी."

आईचा हात भाकरीवर थांबला. मी तिला वर्षभर सांगत आलो होतो की ते चित्र काळं-पांढरं असतं. तिनं माझ्याकडे पाहिलं.

मी चपला काढत होतो. म्हटलं, "व्हय, तांबडीच हुती."