जावेला विचारायचं राहिलं

मैत्रिणींनो, आज माझी एक चूक सांगायची आहे.

आमचे हे गेल्यापासून दर संक्रांतीला माझी धाकटी जाऊ सासूबाईंना चोरून येते आणि मला हळदीकुंकू लावते. मागे या ग्रुपवर मी ते लिहिलं होतं. विधवांवर संशोधन करणाऱ्या एका मुलीने ते वाचून विचारलं, "काकू, हे माझ्या प्रबंधात घेऊ? फेसबुकवरही टाकीन." सातवीत शाळा सुटलेली मी, हरखून हो म्हटलं.

आज सकाळी तिने ते टाकलं. नाव नव्हतं. कळंबजवळचं गाव आणि पिठाची गिरणी चालवणारी विधवा, एवढंच.

दुपारी जाऊ गिरणीत आली. डोळे सुजलेले.

"ताई, नणंदबाईनं वाचून सासूबाईले सांगतलं."

"पण नाव कुठं हाय त्यात?"

"गावात गिरणी एकच हाय. नाव कायले पायजे? आता संक्रांतीले नाही येत मी."

त्या संशोधन करणाऱ्या मुलीला फोन केला. तिने माफी मागून पोस्ट लगेच काढली. तिला तरी काय बोलू? तिने मला विचारलं होतं. जावेला मात्र आम्ही दोघींनीही विचारलं नाही.

माझ्या जागी तुम्ही असता, तर आता कोणत्या तोंडाने तिच्या दारी गेला असता?