माझ्या गुणसूत्रांचा फोटो

चाकणच्या कंपनीत मी दहा वर्षं क्वालिटीला आहे. शाफ्ट बेअरिंगमध्ये बसला नाही, तर आम्ही नुसता शाफ्ट मोजत नाही, बेअरिंगही मोजतो. नव्या माणसांना हे मी दम देऊन शिकवतो. आणि घरी? बायकोचे तीन गर्भ लागोपाठ पडले, तरी दोन वर्षं सगळ्या तपासण्या तिच्याच. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

शेवटी पिंपरीतल्या डॉक्टरीणबाईंनी दोघांचंही रक्त मागितलं. मी शिफ्टचं कारण सांगून दोनदा टाळलं, हेही कबूल करतो. तिचा रिपोर्ट चोख आला. माझ्या रिपोर्टमध्ये गुणसूत्रांचा फोटो होता. पट्टेरी काड्या, जोडीजोडीनं लावलेल्या, तेवीस जोड्या. पुरुषात वेगळीच असणारी शेवटची जोडी सोडली, तरी दोन जोड्यांत एकेक काडी जोडीदाराशी जुळत नव्हती. बाईंनी बोट ठेवण्याआधीच मला ते दिसलं, रोजचं कामच ते.

नाकाच्या ठेवणीपासून रक्तगटापर्यंत आईबापाचं जे मुलात उतरतं, ते या काड्यांवरून, असं बाईंनी समजावलं. जोडीतली एक आईची, एक बापाची. माझ्या दोन काड्यांनी आपापल्या तुकड्यांची अदलाबदल केली होती. माल पूर्ण, फक्त जागा चुकलेली, म्हणून मी ठणठणीत. पण मुलाला मी प्रत्येक जोडीतली एकच काडी देतो. कधी एक तुकडा जास्त जातो, दुसरा कमी पडतो, आणि गर्भ टिकत नाही. कधी सगळं बरोबर जातं, तेव्हा मूल होतं. यात कुणाचा गुन्हा नाही, असंही त्या म्हणाल्या. मला मात्र लाज वाटली, आणि मग स्वतःचाच राग आला.

त्याच आठवड्यात महाळुंग्याला आमच्या घरी चुलत वहिनीचं डोहाळजेवण होतं. ज्या बाईचे गर्भ टिकत नाहीत, तिला आमच्यात ओटी भरू देत नाहीत. आईनं बायकोला पुऱ्या तळायला बसवलं होतं, म्हणजे बाहेर यायला नको. बायकांच्या त्या घोळक्यात पुरुषानं शिरायचं नसतं. मी शिरलो. आईच्या हातात फोटो दिला आणि सगळ्यांदेखत म्हणालो, "आई, बिघाड माझ्यात हाय. तिच्यात काय न्हाई. तिला ओटी भरू दे."

आत्यानं तोंडाला पदर लावला. आई आता चारचौघींत माझी खरडपट्टी काढणार, याची मी तयारी ठेवली होती. कितीही बोलली तरी हलायचं नाही, एवढं ठरवून आलो होतो. पण तिनं फोटो बराच वेळ पाहिला, आणि हे माणसात येतं कुठनं, एवढंच विचारलं. कधी आपोआप घडतं, बहुतेकदा आईकडून नाहीतर बापाकडून येतं, मी सांगितलं.

ती उठून स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग. तिनं सुनेच्या हातातला झारा काढून घेतला आणि कढईकडे बघतच बोलली.

"तुझ्या नवऱ्याआधी माझी तीन गेली. मलाबी असंच चुलीपाशी बसवलं व्हतं. तुझ्या सासऱ्याला कुणी तपासाया नेलं न्हाई. जा तू, ओटी भर."