फोल्डिंगचा फोन आणि समोरची खुर्ची

आमच्या साडूंइतका गाण्याचा वेडा माणूस अख्ख्या नागपुरात सापडायचा नाही, आणि त्यांच्याइतका ठार बहिरा माणूसही सापडायचा नाही. या दोन गोष्टी एकाच माणसात कशा नांदतात, असं तुम्ही विचाराल. सुखानं नांदत नाहीत, एवढंच मी आता सांगू शकतो. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. ही त्यांना भाऊजी म्हणते, म्हणून मीही भाऊजीच म्हणतो. त्यांची सगळी उमेद बुटीबोरीकडच्या एका कापड गिरणीत, मागांच्या खात्यात गेली. तिथं एका छपराखाली इतके माग खडखडत असत की शेजारच्या माणसाच्या कानात ओरडलं तरी त्याला वाटे, हा जांभई देतोय. निवृत्त होऊन ते मानेवाड्यातल्या घरी परत आले, पण कान काही सोबत आणले नाहीत.

गिरणीत मग ही मंडळी बोलायची कशी? तर तोंडानं, पण आवाजाशिवाय. ओठ मोठे करायचे, शब्द चावून चावून म्हणायचे, घशातून मात्र काही काढायचं नाही. समोरचा ओठ वाचतो आणि तसंच उत्तर देतो. मागांवरच्या सगळ्या कामगारांची ही बोली. भाऊजींनी ती घरी आणली आणि ताईंना, म्हणजे माझ्या मेहुणीला, शिकवली. हे मला कोणीच सांगितलेलं नव्हतं. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला गेलो, तर भाऊजी अंगणातून आणि ताई स्वयंपाकघरातून एकमेकांना तोंडं वेंगाडून दाखवताहेत! आवाज नाही, काही नाही. मला वाटलं, आपण चुकीच्या दिवशी आलो, यांचं जोरदार भांडण जुंपलंय. चपला घालून निघायच्या बेतात होतो, तर भाऊजी म्हणाले, "काहून गा, कोठी चालला? ती मले विचारून राहिली का जवाईबापूले तिखट चालते काय म्हणून." तिखट चालत नाही असं मी म्हणालो. पण चपला काढायला मी पाठमोरा झालो होतो, त्यामुळे माझे ओठ त्यांना दिसले नाहीत, आणि वांग्याच्या भाजीनं पुढचे दोन दिवस माझी जी दशा केली ती मी इथे लिहीत नाही.

ही विद्या फार घातक. एका लग्नात मंडपाच्या पार त्या टोकाला मुलाकडचे चार पाहुणे पंगतीत कुजबुजत होते, आणि भाऊजी या टोकावरून गरजले, "पाटोडीच्या रश्शात मीठ बरोबर आहे! तुमच्या जिभेले चव नाई त्याले आचारी काय करीन?" बहिऱ्या माणसाला आपण किती मोठ्यानं बोलतोय ते कळत नाही. वाजंत्री थांबली. ताईंनी दुरूनच ओठ हलवले, आणि भाऊजी एकदम गप्प होऊन पानातल्या भातावर वाकले. काय म्हणाल्या ते मी पुढे कितीदा विचारलं. ताई नुसत्या हसायच्या.

आता तो फोन. कान पूर्ण मिटले नव्हते तेव्हाची गोष्ट. भाऊजी बर्डीच्या बाजारात गेले आणि दुकानदाराला म्हणाले, मले सगळ्यात जोरात वाजणारा दे. त्यानं हा फोल्डिंगचा फोन काढला. काळ्या रंगाचा, कडेनं लाल पट्टी, मुठीत मावणारा. फोन कसला, खिशात घालायचं बँडपथकच ते! त्याचं सगळं अंगच गाण्यासाठी घडवलेलं. झाकण मिटलेलं असलं तरी वर तीन बटणं: मधलं दाबलं की गाणं सुरू, डावीकडे मागचं, उजवीकडे पुढचं. बटणं अशी फुगीर की अंधारात, खिशातल्या खिशात, जेवताना उष्ट्या हातानंही चुकायची नाहीत. त्यांच्या वर एक चिमुकली खिडकी, तीतून गाण्याचं नाव सरकत जाई. बिजागरीच्या दोन्ही टोकांना जाळीची दोन तोंडं, त्यांतून असा आवाज निघे की सीताफळाच्या झाडावरचे पक्षी उडत. आणि गाणं वाजत असलं की बटणांभोवती लाल दिवे लुकलुकत. बर्डीवरच्याच एका पोरानं कार्डात गाणी भरून दिली, सगळी ताईंच्या आवडीची. तो क्रम मग जन्मात बदलला नाही. पहिलं कोणतं, त्यानंतरचं कोणतं, आमच्या सगळ्या खानदानाला पाठ.

फोन म्हणून मात्र त्या वस्तूचा उपयोग शून्य. घंटी वाजली की (ती ताईच सांगायच्या) भाऊजी ऐटीत झाकण उघडत, "हाव हाव, बरोबर आहे" म्हणत आणि टप्पकन मिटत. ती टप्प त्यांना फार प्यारी. कोण बोललं, काय बोललं, देवाला ठाऊक. एकदा खाप्याहून चुलतभावानं फोन केला की धाकटे काका गेले. भाऊजी म्हणाले, "हाव हाव, मस्त झालं गा! मी येतोच जेवाले." टप्प. खाप्याच्या त्या घरानं पुढे किती काळ आमच्याशी बोलणं टाकलं होतं! ताई स्वतः जाऊन पाया पडून आल्या. हसू नका. म्हणजे हसा, मीही हसलोच होतो, पण त्या दिवशी भाऊजी फोनच्या त्या खिडकीकडे बघत जे बसून राहिले होते ते मी पाहिलंय. म्हणाले, "माह्या काकाच्या मयतीले मी मस्त झालं म्हणलो गा."

हळूहळू त्या फोनचाही आवाज त्यांना पुरेना. आणि मग एक दिवस काहीच येईना. कानाचं यंत्र आणून दिलं होतं, ते लावलं की गिरणी पुन्हा सुरू झाल्यासारखं वाटतं म्हणून त्यांनी ते डब्यात घालून ठेवलं. मग गाणी सुटली का? छे! त्यांनी अंगणात दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या, मध्ये तिपाई, तिपाईवर फोन. रोज संध्याकाळी पाणी शिंपडून झालं की ताई समोर बसत, भाऊजी मधलं बटण दाबत, गाणं वाजू लागे आणि ताई त्याच्याबरोबर म्हणत जात. आणि भाऊजी त्यांच्या ओठांकडे बघून ते गाणं ऐकत. ऐकतच, दुसरा शब्द मला सुचत नाही. ताल चुकत नसे, हात खुर्चीच्या दांडीवर बरोबर पडे. ताईंना पहिल्याच गाण्याच्या दुसऱ्या कडव्यात दर वेळी हसू येई, का ते त्या दोघांनाच ठाऊक. तिथे भाऊजीही हसत. शेजारच्या बायका म्हणत, या वयात काय बाई एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात! त्यांच्या लेकीनं पुण्याहून मोठ्या काचेचा नवा फोन पाठवला. आमचा साळा त्यांना समजावू लागला की यात गाण्याचे शब्द लिहून येतात. भाऊजी म्हणाले, "वाचाचंच असतं त मी पेपर नसता घेतला काय?"

याचा ताप आम्हा पाहुण्यांना. ताई आत चहा करायला गेल्या की भाऊजी समोर येईल त्याला त्या खुर्चीत बसवत, बटण दाबत, आणि त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत. म्हणावंच लागे. घरचे थोरले जावई, त्यांना नाही कोण म्हणणार? आमच्याकडे जावयाचा शब्द खाली पडू देत नाहीत, मग तो गाण्याचा का असेना. माझा गळा म्हणजे गंजलेली कडी. तरी मी सासरवाडीसमोर प्रेमगीतं म्हटली आहेत. साळ्याला शब्द येत नसत, म्हणून तो नुसते आकडे म्हणत ओठ हलवी. भाऊजी शांतपणे म्हणाले, "सातानंतर नऊ आला. आठ खाल्ला काय गा?"

मग ताईंना अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, पण डावी बाजू गेली, तोंडाची डावी कडा खाली ओघळली. दवाखान्यातून घरी आणल्यावर भाऊजींनी त्यांना उचलून खुर्चीत बसवलं, उशा लावल्या, आणि बटण दाबलं. ताईंनी म्हणायचा प्रयत्न केला. भाऊजी पुढे वाकले, आणखी पुढे वाकले, त्यांच्या उजव्या गालाजवळ तोंड नेलं. मी शेजारीच उभा होतो. गाणं संपल्यावर मला म्हणाले, "आता अर्धंच ऐकू येते गा." आणि परत तेच गाणं लावलं. मी काहीतरी काम काढून घराबाहेर गेलो, कारण तिथे उभं राहवेना. त्या अर्ध्या गाण्यावर त्यांनी हिवाळा काढला. उन्हाळा लागता लागता ताई गेल्या.

तेरवी झाली, पाहुणे पांगले, तरी ती खुर्ची त्यांनी हलवली नाही. येईल त्याला बसवू लागले: दूधवाल्याला, मीटरवाल्याला. आता तो हट्ट नव्हता, भीक होती, आणि थोरल्या जावयाला भीक मागताना पाहणं फार वाईट. एकाच माणसाला त्यांनी कधी म्हण म्हटलं नाही: माझ्या बायकोला. हिचं तोंड अगदी ताईंसारखं, ओठाच्या कोपऱ्यातला बारीक खळगासुद्धा तोच. ही बोलू लागली की भाऊजी जमिनीकडे बघत. मग आमचं काय बोलणं झालं ते त्यांना कळायचंच नाही. हिला फार लागायचं. "बहीण गेली, आणि भाऊजी माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत," म्हणून घरी येऊन रडायची. मला कारण कळत होतं, पण सांगायचं कसं?

फोनही थकत चालला होता. ती खिडकी केव्हाच काळी पडली होती, बिजागरी ढिली होऊन झाकणाला रबर लावावं लागे. गेल्या रविवारी आम्ही दोघं गेलो. ही आत चहाला गेली. मी मुकाट्यानं समोरच्या खुर्चीत बसलो, भाऊजींनी बटण दाबलं. लाल दिवे लुकलुकू लागले. आवाज नाही. मी वाट पाहिली. भाऊजी माझ्या तोंडाकडे बघत होते. दिवे नाचताहेत, जाळीची दोन्ही तोंडं मुकी! असला फोन आता बनतच नाही. मागे बिजागरीसाठी बर्डीवर नेला तेव्हाच दुकानदारानं हात जोडले होते, की काका, पुढच्या खेपेला आणू नका. म्हणजे हे संपलं. हे मी आता या माणसाला सांगायचं, की एवढंही उरलं नाही?

"म्हण न गा," भाऊजी म्हणाले. "काहून थांबला? सुरू झालं न?"

मी मान हलवली आणि सुरू केलं. फोनच्या आधाराशिवाय मला एक ओळ धड आठवेना. दुसऱ्या कडव्यावर गाडी अडली. भाऊजींचा हात दांडीवर वर उठलेला, तसाच राहिला. त्यांचा चेहरा हळूहळू असा काही होऊ लागला की मी घाबरून हिला हाक मारली. ही पदराला हात पुसत आली, दिव्यांकडे पाहिलं, कान देऊन ऐकलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तिला सगळं समजलं. मला उठवून ती त्या खुर्चीत बसली. भाऊजींनी लगेच मान खाली घातली. हिनं त्यांच्या हनुवटीला हात लावून मान वर केली. थोरल्या मेहुण्याच्या अंगाला हात लावायची आमच्याकडे रीत नाही, पण तिनं लावला.

आणि तिनं गाणं सुरू केलं ते पहिल्या ओळीपासून, गिरणीच्या रीतीनं, ओठ मोठे करून, घशातून आवाज न काढता. ही बोली ही कधी शिकली? बहिणीकडून शिकली असेल, मला पत्ता नव्हता. फोन मुका, ही मुकी, आणि भाऊजींचा हात दांडीवर तालात पडू लागला. दुसऱ्या कडव्यात त्या जागी ही हसली. भाऊजीही हसले, आणि हसता हसता त्यांचे डोळे वाहू लागले, पण त्यांनी ते मिटले नाहीत. मिटले असते तर गाणं बंद पडलं असतं. त्या अंगणात धड कान असलेला माणूस मी एकटा. मला शेजारच्या घरातला कुकर ऐकू येत होता, रस्त्यावरची मोटारसायकल ऐकू येत होती. गाणं तेवढं येत नव्हतं.

संपल्यावर भाऊजींनी डोळे पुसले, फोनवरचं रबर नीट बसवलं आणि म्हणाले, "आज आवाज भल्ला साफ होता." मग हिला विचारलं, "पुढच्या रविवारी येशील न वं, लहाने?"

ही ओठांनीच काहीतरी म्हणाली. मला कळलं नाही. भाऊजींनी मान डोलावली.