दगडाचा आवाज

परवा क्रांती चौकात रस्त्याचं काम चाललं होतं. नुकत्याच फोडलेल्या काळ्या दगडाचा जळका वास नाकात गेला आणि मला आमच्या कॉलेजातली सुजाता आठवली.

तेव्हा दर शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत आम्हा प्राध्यापकांपैकी कुणीतरी आपल्या आवडीच्या विषयावर अर्धा तास बोलायचं. नियोजन माझ्याकडं होतं. अशाच एका शुक्रवारी भौतिकशास्त्राची नवी प्राध्यापिका सुजाता दगडावर बोलत होती. टेबलावर पडेगावच्या खाणीतले पाच-सहा दगड होते, शेजारी हातोडी. "दगड कुठं फुटणार, हे फोडणाऱ्याला आवाजावरून कळतं," ती म्हणाली. "आणि आता..."

मागं डबे उघडू लागले होते. मलाही भूक लागली होती. वेळ संपायला अजून पाच मिनिटं होती, तरी मी म्हणाले, "सुजाता, उरलेलं पुन्हा कधीतरी."

ती खाली बसली. दाराजवळच्या खुर्चीवरून पांढऱ्या, इस्त्रीच्या लुगड्यातली एक बाई उठून टेबलापाशी आली.

"माझी आई," सुजाता म्हणाली. "जन्मभर खाणीत दगड फोडलेत तिनं. आता तीच वाजवून दाखवणार होती."

"आधी सांगायचं ना!" मी म्हणाले, जणू चूक तिचीच होती.

आई हातोडी फडक्यात गुंडाळत हसली. "असू द्या बाई. समद्यायला लई भूक लागली आसंल."

सगळे अजून हॉलमध्येच होते. मी एक हाक मारली असती, तरी पुन्हा बसले असते.

मी माझा डबा उघडला.