भिंगकाका आणि लेकीचा गॉगल
भिंगकाकांनी चाळीस वर्षं लोकांना चष्मे करून दिले आणि तेवढीच वर्षं लोकांच्या चष्म्यांना नावं ठेवली. रस्त्यात कुणा अनोळखी माणसाच्या चष्म्याची काडी वाकडी दिसली, तर त्याला थांबवून ती सरळ करून देत, आणि वर दोन शब्द सुनावत. दुकान एवढंसं. एक खुर्ची, एक आरसा, भिंतीवर अक्षरांचा तक्ता आणि मागे काच घासायचं चाक. त्या चाकापाशी बसले की काका कुणाच्या बापाचं ऐकत नसत.

अशा माणसाची लेक तिशी उलटल्यावर एअरसॉफ्ट खेळायला लागली. म्हणजे खऱ्यासारख्या दिसणाऱ्या बंदुका घ्यायच्या, वाटाण्याएवढ्या प्लास्टिकच्या गोळ्या एकमेकांवर झाडायच्या, आणि ज्याला लागली त्याने मुकाट्याने हात वर करून बाहेर जायचं. हे खूळ जावयाने घरात आणलं. काकांच्या मते जावयाने घरात आणलेली प्रत्येक गोष्ट खूळच होती, त्यामुळे त्याचं एवढं काही नाही. पण लेकीच्या डाव्या डोळ्याला लहानपणापासून जेमतेम उजेड कळतो. कामाचा डोळा एकच, उजवा. त्या डोळ्याच्या काळजीने काकांची झोप उडाली.

लेकीला ‘जाऊ नकोस’ म्हणून उपयोग नव्हता, ती त्यांच्याच वळणावर गेली होती. मग काकांनी गॉगलचं खातं स्वतःकडे घेतलं. जावयाने हौसेने आणलेला पहिला गॉगल दिसायला झकास होता. काकांनी तो तिला घालायला लावला आणि गालाच्या बाजूने आपली करंगळी सरळ आत घातली. जिथून माझं बोट जातं तिथून गोळी जाणार नाही होय, असं त्यांनी जावयाला विचारलं. जावई बिचारा बुटांकडे बघत राहिला. मग पंधरा दिवस शोधाशोध करून काकांनी चेहऱ्याला चहूबाजूंनी घट्ट बसणारा, जाड काचेचा, वाफ धरू नये म्हणून वर बारीक भोकं असलेला गॉगल पसंत केला. काच म्हणायची एवढंच, होतं ते टणक प्लास्टिक. तसे दोन घेतले. एक मागच्या अंगणात उशीला बांधून जावयाला त्यावर दहा पावलांवरून गोळ्या मारायला लावल्या. नुसते ठिपके उमटले. काकू म्हणाल्या, लग्नाच्या वेळी जावयाची एवढी पारख केली असती तर बरं झालं असतं.

पुढे दर रविवारी काका मैदानावर जाऊ लागले. मैदान म्हणजे बंद पडलेली गोदामं आणि त्यात रचलेले रिकामे ड्रम. काका दारात उभे राहून एकेकाचा गॉगल उजेडाला तिरका धरून बघत. पट्टा सैल असला की घट्ट करीत. कुणी डावाच्या मधे घाम पुसायला गॉगल कपाळावर चढवला, की असे ओरडत की दोन्हीकडचा गोळीबार थांबे. पोरं हसत, पण काकांनी तपासल्याशिवाय आत जात नसत. काकांना हे भारी आवडे.

एका शनिवारी संध्याकाळी लेकीने गॉगलच्या कोपऱ्यावर चिकटवलेला संघाचा नंबर काढला. डिंकाचा डाग राहिला, तो काढायला तिने गॉगल दुकानात ठेवला. काकांनी बाटली उचलली, फडक्यावर दोन थेंब घेतले आणि डाग पुसून टाकला. बाटली ॲसिटोनची होती. काचेच्या भिंगावरचा चिकटपणा काढायला ती आयुष्यभर हाताशी असायची. प्लास्टिकला ती लावली की ते ठिसूळ होऊन तडकतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, चार गिऱ्हाइकांना त्यांनी त्यावरून झापलंही होतं. पण हात सवयीने बाटलीकडे गेला आणि डोकं जावयाला काय बोलावं याचा विचार करत होतं.

सकाळी मैदानाच्या दारात बाकी सगळ्यांचे गॉगल बघितले. लेकीचा बघायचा राहिला, कारण तो तर त्यांनी स्वतः पुसलेला. ती आत निघाली आणि वळली, तेव्हा उन्हात कोपऱ्यातली काच बारीक तड्यांनी कोळिष्टकासारखी चमकली. पट्टा सैल दिसतो म्हणून तिला बाहेर बोलवावं, असं क्षणभर मनात आलं. इज्जत राहिली असती. पण ती ड्रमांच्या आड शिरत होती आणि शिट्टी वाजायला आली होती.

“थांबवा,” काका म्हणाले. “तिचा गॉगल मी खराब केलाय. चुकीच्या औषधाने पुसला.”

कुणी हसलं नाही. लेकीचा गॉगल उतरवून खांबाला बांधला. जावयाने गोळ्या मारल्या. तिसऱ्या गोळीला कोपऱ्याचा तुकडा उडून आत पडला. जावई काहीच बोलला नाही, आणि काकांना त्याच्याबद्दल पहिल्यांदाच आदर वाटला. लेक मात्र त्या भोकाकडे बघत राहिली. काकांना तिच्याकडे बघवेना.

जावयाच्या पिशवीत दोन जादा गॉगल होते. काकांनी एक उचलला, उजेडाला धरून फिरवला आणि हा चांगला आहे म्हणाले. लेकीने तो त्यांच्या हातून घेतला आणि तसाच तिरका धरला.

“बाबा, खालच्या कडेला चीर आहे. दिसते का तुम्हाला?”

काकांनी चष्मा वर केला, खाली केला. त्यांना काही दिसेना.

“दिसते की,” ते म्हणाले.

लेकीने त्यांचं बोट धरलं आणि नख कडेवरून फिरवलं. नख अडकलं.

“आता?”

“आता दिसली.”

तिने तो बाजूला ठेवला. दुसरा घेतला, कितीतरी वेळ एकटीने निरखला, घातला, पट्टा ओढला, गालाच्या बाजूने करंगळी जाते का ते पाहिलं आणि आत गेली. काका दारातल्या ड्रमवर बसले. त्यांना लाजही वाटत होती आणि खूप हलकंही वाटत होतं. जाताना तिने गॉगल त्यांना दाखवला नाही, आणि त्यांनीही मागितला नाही.