माणूस नाय, पण मी हाय

"बसा. माणूस नाय, पण मी हाय."

ठाण्याच्या दारात कुणीही आलं की हवालदारबाई चष्मा कपाळावर सरकवून एवढंच म्हणायच्या. पोलीस ठाण्याची पायरी चढलेल्यांना ठाऊक असेल, तिथं 'माणूस नाही' म्हणजे माघारी जा. बाईंचं पुढचं ऐकून मात्र समोरचा बसायचा.

मी एका छोट्या दैनिकासाठी गुन्ह्यांच्या बातम्या गोळा करायचो. बजाजनगरच्या बाजूचं ते ठाणं. मंजूर पोलिसांचा आकडा अजून जुन्याच हिशेबाचा, भोवती ज्वारीची रानं होती तेव्हाचा. आता त्या रानांत चाळी, खोलीखोलीत परगावचे कामगार. असलेल्यांतले निम्मे पोलीस कायम शहरात क्रांती चौकात, मोर्चांच्या बंदोबस्ताला. बाई म्हणायच्या, "आपला बी एक मोर्चा काढावा वाटतं. पण बंदोबस्ताला कोण येईल?"

त्या आलेली प्रत्येक तक्रार लिहून घ्यायच्या. त्यामुळं कागदावर गुन्हे फुगले. एकदा ठाण्याचे साहेब वरिष्ठांच्या बैठकीतून बोलणी खाऊन आले आणि म्हणाले, "बाई, शेजारच्या हद्दीत बघा किती शांतता आहे." बाई "व्हय साहेब" म्हणाल्या आणि समोरच्या म्हातारीची चोरीला गेलेली शेळी लिहू लागल्या.

एका दुपारी मी गेलो तेव्हा ठाण्यात पोलीस म्हणून त्या एकट्याच होत्या. समोर कंपनीत कामाला जाणारी एक तरुण पोरगी, ओठ फुटलेला. नवऱ्यानं मारलं होतं. तिचा जबाब चालू असतानाच तो दारात आला.

"घरचा मामला आहे. चल, ऊठ."

हवालदारबाई दोघांच्या मध्ये उभ्या राहिल्या. "घरचा व्हता. आता लिहिलाय मी."

त्यानं त्यांना ढकललं. त्या भिंतीवर आदळून पडल्या, उजवं मनगट अंगाखाली सापडलं. मी आणि बाहेरचा चहावाला धावलो, त्याला धरून ठेवलं. पोलिसांची गाडी बंदोबस्तातून सुटून यायला पुष्कळ वेळ लागला. तोवर बाईंनी उजवा हात मांडीवर ठेवला, डाव्या हातानं पोरीला पाणी दिलं.

"बोल बाळा. कुठवर आलो व्हतो?"

नवऱ्याला अटक झाली. पोरगी बहिणीकडं राहायला गेली, अजून कंपनीत जाते. बाईंचं मनगट काही सरळ जुळलं नाही. चार ओळी लिहिल्या की हात थांबायचा. त्यांनी मदतीला माणूस मागितला. त्या रिटायर होईपर्यंत तो आला नाही, आणि त्यांच्या जागेवरही अजून कुणी आलेलं नाही. तक्रार घेऊन येणाऱ्यांना 'उद्या या' सांगतात. त्या हद्दीतले गुन्हे घटल्याची बातमी मीच दिली.

मग राहवेना म्हणून छावणी भागात त्यांच्या घरी गेलो. भर दुपारी दार सताड उघडं. बाई पलंगावर गाढ झोपल्या होत्या.

सून हळू आवाजात म्हणाली, "उठवू का? रिटायर झाल्यापासून नुसत्या झोपतेत."

"नको."

दारातून उन्हाची तिरीप त्यांच्या तोंडावर येत होती. निघताना मी दार थोडं लोटून घेतलं.